मोहाच्या दिवसांतली हाक

मी वनरक्षक आहे म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, वाघ बघितला का? बघितला. आलापल्लीच्या बाजूला सागाच्या कूपात, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या पट्ट्यात, गस्त घालताना एक वाघीण आमच्यासमोरून रस्ता ओलांडून गेली, तेव्हा सोबतचा वनमजूर मटकन खाली बसायला लागला आणि मी त्याची कॉलर धरून त्याला उभं ठेवलं. हा किस्सा मी लग्नात, बारशात, एसटीत, जिथे ऐकणारा सापडेल तिथे सांगते. त्यापलीकडे माझ्याकडे मिरवण्यासारखं फार काही नव्हतं.

आता आहे, आणि तेच इथे मिरवणार आहे. पोरगी झाल्यावर मी आजारी पडले. आजार मनाचा होता. त्या दिवसांत मला फडक्यात गुंडाळलेल्या माझ्याच लेकीजवळ एकटं राहायची भीती वाटायची. आज ती लेक माझ्या कडेवर आहे, वर्दी अंगावर आहे आणि गावात कोणी मला येडी म्हणत नाही. म्हटलं तरी मी ऐकून घेणारी नाही, हे गावाला माहीत आहे.

शेगडीची खोली

माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. अहेरीपासून थोडं आत आमचं गाव आहे. धानाची मळणी आटोपून कणगी भरली होती, थंडी होती, आणि सगळे म्हणत होते की पोरगी पायगुणाची आहे. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. तोंडाने तिखट बाई, पण हात मऊ. त्यांनी मला मागच्या खोलीत ठेवलं, खाटेखाली शेगडी दिली, ओव्याची धुरी दिली, मेथीचे लाडू केले. माझे मिस्टर प्रकाश लाइनमन आहेत. त्यांचं काम भामरागडच्या बाजूला, सुट्टी मिळाली की यायचे. तर घरात आम्ही तिघी, आत्याबाई, मी आणि ती.

तिला बघून मला काहीच वाटायचं नाही. हे वाक्य लिहायलासुद्धा हात जड होतो, पण खरं तेच आहे. बघायला येणाऱ्या बाया म्हणायच्या, नाक तुझ्यासारखं आहे, आणि मी मान हलवायचे. अंगावर दूध पाजताना डोळ्यांतून पाणी गळायचं आणि विचारलं तर कारण सांगता येत नव्हतं. झोप येत नव्हती. पोरगी झोपलेली असली तरी मी जागीच.

मग एका दुपारी आत्याबाई अंगणातल्या विहिरीवर पाणी ओढत होत्या आणि मी पोरीला घेऊन ओसरीत उभी होते. आमच्या विहिरीचा कठडा बुटका आहे. मनात आलं, ही हातातून सुटली तर? आणि लगेच दुसरा विचार आला, मीच सोडली तर? मी घामाने भिजले. पोरीला खाटेवर ठेवलं आणि त्या दिवसापासून मी विहिरीकडे फिरकले नाही.

तो विचार गेला नाही. विळी दिसली की यायचा, शेगडी दिसली की यायचा. मला तिला काही करायचं नव्हतं. पण विचार माझ्याच डोक्यात येत होता, तेव्हा मला वाटलं की हे माझ्याच मनात आहे आणि मी आई नाही, कोणी भलतीच आहे.

वाघासमोर शिकवलेलं

इथे मी जी चूक केली ती माझ्या नोकरीतली बाईच करू शकते. वाघ समोर आला तर काय करायचं, हे आमच्या अंगात मुरवलेलं असतं. पळायचं नाही, पाठ फिरवायची नाही, नजर ठेवायची आणि आवाज न करता एकेक पाऊल मागे घ्यायचं. मी घरात तेच केलं. लेकीवर नजर ठेवून गुपचूप मागे सरत गेले. आधी आंघोळ घालायचं बंद केलं, मग मांडीवर घेऊन बसायचं, मग तिच्या खाटेवर झोपायचं. दूध पाजायला आत्याबाई तिला माझ्याजवळ आणायच्या आणि पाजून झालं की मी लगेच परत द्यायचे.

आत्याबाईंना वाटलं, सुनेला जंगल आठवतंय. त्यांनी माझी वर्दी धुतली, अहेरीहून कडक इस्त्री करून आणवली आणि माझ्या खाटेसमोर खुंटीवर टांगली. त्यांनी ते मायेने केलं होतं. मला वाटलं, मी आई म्हणून कामाची नाही, आता कामावर जा असं सांगताहेत. मी दोन घास जेवले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. त्या रागावल्या. दोन दिवस आम्ही एकमेकींशी कामापुरतंच बोललो.

प्रकाश आले तेव्हा भांडण झालंच. पोरीला घ्यायला का टाळते, म्हणून त्यांनी विचारलं. ते म्हणाले, "तुले काय कमी आहे, ते तं सांग." मला कमी काहीच नव्हतं, हेच तर सांगता येत नव्हतं. त्यांनी पोरीला घेऊन अंगणात येरझाऱ्या घातल्या आणि सुट्टी संपल्यावर गाडीला किक मारून गेले.

सांगितलं असतं तर काय झालं असतं, याचा हिशेब मी मनात पक्का केला होता. येडी म्हणतील. पोरगी माझ्यापासून काढून नेतील. वरपर्यंत कळलं तर वर्दीही उतरवतील. आई मी राहणार नाही आणि गार्डही राहणार नाही. म्हणून तोंड बंद ठेवलं. वाघिणीसमोर मजुराची कॉलर धरणारी बाई आपल्याच घरात कोणाला हाक मारू शकत नव्हती.

मोहाची सकाळ

आमच्याकडे मोहाची फुलं पडायला लागली की अख्खं गाव भल्या पहाटे टोपल्या घेऊन झाडाखाली जातं. त्याच वेळी वाघही फिरत असतो आणि फुलं वेचणारी बाई खाली वाकलेली असते. आमच्या भागात त्यापायी जीव गेले आहेत. म्हणून दरवर्षी मोहाच्या आधी मी टोल्याटोल्यावर, म्हणजे वाडीवाडीत, जाऊन बायांना घोकून घ्यायला लावायचे, एकटीने जायचं नाही आणि एकमेकींना हाक देत राहायचं. एकीने नाव घेऊन हाक मारायची, जिचं नाव घेतलं तिने ओ द्यायची आणि पुढच्या नावाची हाक मारायची. हाकेची साखळी सगळ्या झाडांखालून फिरत राहते. जिची ओ येणार नाही, तिच्याकडे सगळ्यांनी टोपल्या टाकून धावायचं. मोह उद्याही पडतो, हे मी त्यांना दर वेळी सांगायचे.

त्या सकाळी आत्याबाई मोहाला गेल्या. सव्वा महिना केव्हाच झाला होता, पोरगी झोपलेली होती आणि झाडं घरामागच्या बांधापासूनच सुरू होतात. लवकर येते म्हणाल्या. मी हो म्हटलं. घरात मी आणि ती, दोघीच.

पोरगी उठली आणि रडायला लागली. मी तिच्यापर्यंत गेले आणि तो विचार पुन्हा आला. मी तिला खाटेच्या मधोमध सरकवलं, दोन्ही बाजूंना गोधड्यांच्या वळकट्या लावल्या, बाहेर आले आणि दाराची कडी बाहेरून लावून घेतली. मग अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला कुंपणाला पाठ लावून बसले. ती आत रडत होती आणि मी बाहेर रडत होते.

बांधापलीकडे हाकांची साखळी चालू होती. शेवंताबाई, ओ. यशोदा, ओ. आत्याबाईंचं नाव आलं, त्यांनीही ओ दिली. मग शेवंताबाईला गंमत सुचली. ही आमची शेजारीण, मोहाच्या बायांची पुढारी. मागच्या वर्षी मी त्यांच्याकडून हाकांचा सराव करून घ्यायचे त्याची तिला आठवण झाली असणार. तिने आवाज लावला, "ओ गार्डबाई."

मला ओ देता आली नाही.

तिने परत हाक मारली. मला वाटलं, आता कंटाळून पुढच्या नावाला जाईल. पण बांधापलीकडे एकदम सामसूम झाली, आणि मग टोपल्या ठेवल्याचा आवाज आला. मीच शिकवलेला नियम होता. कुंपणाच्या फटीतून त्या येताना दिसल्या, पाऊलवाटेने एकीमागे एक, काहींच्या हातात काठ्या. गार्डबाईच्या अंगणात वाघ शिरला असं त्यांना खरंच वाटलं होतं.

अंगणात मी कुंपणाशी बसलेली, दाराला बाहेरून कडी आणि आत लेकरू रडतंय. आत्याबाईंनी कडी काढून आत धाव घेतली. शेवंताबाई माझ्यासमोर उकिडवी बसली.

"काऊन ओ नाई देल्ली?"

मी म्हटलं, "मले माह्या हाताचंच भेव वाटून राह्यलं, बाई. पोरीले काही करून टाकीन."

सगळ्या बायांनी ते ऐकलं. पोरीला छातीशी धरून दारात आलेल्या आत्याबाईंनीही ऐकलं. कोणी तोंडाला पदर लावला नाही, कोणी मागे सरकली नाही. शेवंताबाईने माझे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. तिच्या हातांना मोहाचा वास होता.

"हे काय आहे मले नाई समजत," ती म्हणाली. "पण आता तू एकटी नाई राह्यची."

आत्याबाई मात्र माझ्यावर बरसल्या. मला का नाही सांगितलंस, मी काय परकी आहे, एवढ्या दिवसांचं दुःख पोटात घेऊन बसलीस. बोलता बोलता त्याच रडायला लागल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, ही गोष्ट घराबाहेर जायला नको. शेवंताबाईने अंगणभर उभ्या असलेल्या बायांकडे बोट फिरवलं आणि विचारलं, आता कोणापासून लपवता? कोणीतरी खुदकन हसलं. मलाही हसू आलं, कितीतरी दिवसांनी. त्या दिवशी खाली पडलेला निम्मा मोह गुरांनी खाल्ला आणि त्यावरून कोणीही मला पुढे कधी बोल लावला नाही.

डॉक्टरसमोर

त्याच दिवशी आत्याबाई मला अहेरीच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या. शेवंताबाई न विचारताच जीपमध्ये बसली. डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी झोप, जेवण, रडू याबद्दल विचारलं आणि मग सरळ विचारलं, बाळाला किंवा स्वतःला काही करावं असे विचार येतात का. मी आत्याबाईंकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, बोल. मी बोलले. वर्दीचंही बोलले.

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. त्यांनी सांगितलं की बाळंतपणानंतर हा आजार पुष्कळ बायांना होतो, यात कोणाची चूक नसते आणि यातून बायका बऱ्या होतात. आजार हा शब्द ऐकून मी जो सुटकेचा निःश्वास टाकला, तो अजून आठवतो. मी वाईट नव्हते, आजारी होते. त्यांनी चंद्रपूरला मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं आणि तोवर मला एकटं सोडायचं नाही, असं आत्याबाईंना बजावलं.

प्रकाश निरोप मिळताच आले. आधी फार चिडले, माझ्यावर नाही, स्वतःवर. ऑफिसात रजा मागताना त्यांनी बायको आजारी आहे एवढंच सांगितलं. काय झालं असं विचारलं तेव्हा अडखळले, आणि मग म्हणाले, बाळंतपणानंतर तिचं मन आजारी झालं. हे त्यांनी मला नंतर गाडीत सांगितलं. माणसाला पोलवर चढायची भीती नाही, पण हे वाक्य बोलायची वाटली म्हणाले. मला त्यांचा फार अभिमान वाटला आणि मी तो त्यांना बोलून दाखवला.

चंद्रपूरला काही दिवस भरती राहावं लागलं. पोरगी माझ्याजवळच होती, कोणी काढून नेली नाही. वॉर्डात सकाळी झाडझूड, मग चहा, मग डॉक्टरांची फेरी, गोळी, जेवण, दुपारी बोलण्याची वेळ, असा दिवस बांधलेला होता आणि मला तो बांधलेला दिवस आवडला. औषध दूध पाजताना चालणारं दिलं होतं. आत्याबाई पोरीची फडकी खिडकीच्या गजांना वाळत घालायच्या, वॉर्डातली मावशी ती काढायला लावायची आणि दोघींची रोज जुंपायची. शेवटच्या दिवशी त्याच मावशीने पोरीला काजळाची तीट लावली. आणि मी झोपले. सलग, गाढ झोप, जागं होऊन पाहते तर उजाडलेलं. त्या एका झोपेने मला जे दिलं ते शब्दांत सांगता येत नाही.

तिथल्या डॉक्टरांना मी कडीची गोष्ट सांगितली, मान खाली घालून.

"विचार येणं वेगळं आणि करणं वेगळं," ते म्हणाले. "तुम्ही भिऊन बाहेर बसलात, तेव्हाही राखणच करत होतात. फक्त पुढच्या वेळी कडी लावू नका. हाक मारा."

ओ देणं

घरी आल्यावर बायांनी आपला नियम माझ्या दाराशी आणला. मी सांगितलं नव्हतं, त्यांनीच ठरवलं. शेताला जाताना, बोअरिंगवरून पाणी आणताना, जी कोणी जाईल ती रस्त्यावरूनच हाक मारायची आणि मी ओ द्यायची. ओ आली नाही की ती आत. काही दिवस माझी ओ इतकी बारीक असायची की त्या तरीही आत यायच्या, पोरीला घ्यायच्या, मला आंघोळीला पिटाळायच्या. कधी मला वैताग यायचा. एकदा मी चिडून ओरडलेच की मेले नाही अजून. यशोदा बाहेरून म्हणाली, मग बरं आहे, आणि चालू लागली.

एका दिवसात काही झालं नाही. बरं वाटायला लागलं तेव्हा गोळ्या सोडाव्याशा वाटल्या, आत्याबाईंनी सोडू दिल्या नाहीत. डॉक्टर सांगतील तेव्हाच, म्हणाल्या. प्रकाशनी बदली मागितली आणि ती मिळेपर्यंत दर सुट्टीत येऊन पोरीला स्वतः आंघोळ घालायला लागले, पाय पसरून, पायांवर तिला घेऊन, अगदी बाईसारखं. आत्याबाई म्हणाल्या, असं आमच्या घराण्यात कोणी केलं नाही. प्रकाश म्हणाले, "तं आता झालं ना." शेजारचे बाप्ये कुंपणावरून हसायला यायचे आणि पाणी किती कोमट लागतं ते विचारून जायचे.

पावसाळा सरत आला तेव्हा एका सकाळी मी आत्याबाईंना म्हटलं, आज मी घालते आंघोळ. विहिरीशी. मी पाणी ओढलं, कठड्याजवळच्या दगडावर बसले, पाय पसरले आणि तिला घेतलं. तो विचार आला. आला आणि गेला, रस्त्याने जाणाऱ्या माणसासारखा. मी हात थांबवले नाहीत. तिच्या डोक्यावर पाणी ओतलं तशी तिने तोंड वाकडं केलं, शिंकली आणि माझं बोट गच्च धरलं. मला तिचा इतका लोभ वाटला की मी मोठ्याने रडले. आत्याबाई ओसरीतून बघत होत्या. नंतर म्हणाल्या, आता काही काळजी नाही, आणि तांदूळ निवडायला बसल्या. तेजू तिचं नाव. माझी तेजू.

यंदाचा मोह

मी कामावर रुजू झाले. यंदाही मोहाआधी टोल्याटोल्यावर सभा घेतल्या. पहिल्याच सभेला आमचे साहेब येऊन बसले होते आणि मला जे बोलायचं होतं ते त्यांच्यासमोर बोलायचं होतं. वाघाचं सगळं सांगून झाल्यावर मी म्हटलं, अजून एक राहिलं. ज्या घरात बाळंतीण आहे त्या घरावरून जाताना हाक मारा. ओ आली नाही तर आत जा. मागच्या मोहात माझी ओ आली नव्हती. मग सगळं सांगितलं, कडीसकट. साहेबांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या टोल्यावर निघालो तेव्हा म्हणाले, तिथेही हे सांगा. वर्दी माझ्या अंगावरच राहिली.

हे वाचणाऱ्या बाळंतिणीला माझं एवढंच सांगणं आहे. तुमच्या मनात काय येतं ते ऐकून पळून न जाणारं एक माणूस असतं. ते तुमच्या घरात असेल, नाहीतर कुंपणापलीकडे असेल. त्याला सांगा, आणि दवाखान्यात जा. आणि तुम्ही शेजारीण असाल, तर लेकराचं नाक कोणासारखं ते मागाहून बघा. आधी आईला विचारा, तू झोपलीस का.

मागच्या रविवारी मला सुट्टी होती. मीही टोपली घेऊन बायांसोबत मोहाला निघाले, तेजू कडेवर. वाटेवर यशोदाची नवी बाळंतीण सून आहे, सरिता. ती अजून माझ्याशी धड बोललेली नव्हती. मी अंगणाबाहेर उभी राहून हाक मारली. तेजूला प्रत्येक हाक आपल्यासाठीच वाटते, तिने कडेवरूनच दणक्यात ओ दिली. बाया हसल्या. आतून काही नाही. मी परत हाक मारली.

बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, "ओ."

शेवंताबाईने पुढे जायला पाऊल उचललं, आणि तेवढ्यात तोच आवाज पुन्हा आला, आधीपेक्षा थोडा मोठा.

"पण आत या ना, बाई."

आम्ही टोपल्या खाली ठेवल्या.